सहा कोपऱ्यांची खिडकी

१

पेटी उघडली तर आत खिडकी नव्हती, खड्यांचा ढीग होता.

"मिठाचे खडे असतात ना मावशी, तसा," पाणकोंबडी फोनवर म्हणाली, आणि रडूच लागली. ही पोरगी लहानपणी झाडावरून पडून हात मोडून घेऊन आली होती, तेव्हासुद्धा रडली नव्हती.

पाणकोंबडी म्हणजे माझी भाची. पाण्याचा हौद दिसला की बुडी मारायची, म्हणून घरात हे नाव पडलं ते पडलंच. आता ती एका छोट्या पाणबुडीची चालक आहे. पाणबुडी कसली, एक माणूस कसाबसा मावेल एवढा लोखंडी रांजण! त्याला एकच खिडकी. त्या खिडकीमागे बसून माझी भाची उद्या समुद्राच्या अशा खोलीत उतरणार होती, की नुसतं ऐकूनच मला धाप लागायची. ती खिडकी साधी काचेची नव्हती. सिरॅमिकची होती, म्हणजे भट्टीत भाजलेल्या पुडीची, पण आरपार दिसणारी. ती घडवायला पाणकोंबडीच्या कारखान्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं घालवली होती.

"कुणी फोडली?" मी विचारलं.

"कप्तान म्हणतात, मी."

"तू? तू कशाला फोडशील?"

"म्हणतात, मी घाबरले. उतरायचं नाही म्हणून फोडली." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मावशी, काल ती पेटी कपाटात मीच ठेवली. शेवटचा हात माझाच होता. हे असं नाव लागलं ना, तर मला पुन्हा कुणी नावेत वल्हं मारायलासुद्धा बसवणार नाही."

मी विमा कंपनीत होते. फुटलेल्या मालाची पाहणी करायची, हे माझं काम. दुकानांच्या काचा, आरसे, जहाजातून आलेली भांडी. वस्तू कशी फुटली ते बघायचं आणि मालक काय थापा मारतो ते ऐकायचं. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. आमची ताई म्हणते, तू लग्नघरात गेलीस तरी आधी तडा गेलेली बशी शोधतेस.

"कुणाला खड्यांना हात लावू देऊ नकोस," मी म्हटलं. "आणि रडू नकोस. मी निघालेय."

फोन ठेवला, पण तिथून पटकन हलले नाही. कारण एक विचार मनात येऊन गेला होता, आणि तो भाचीविषयी होता. खरंच घाबरली असेल तर?

२

कारखान्याच्या मुख्य साहेबांना सगळे कप्तान म्हणतात. जहाजाशी त्यांचा काही संबंध नाही. लहानपणी वाचलेल्या एका पाणबुडीच्या गोष्टीत ते इतके बुडाले, की वर आलेच नाहीत, म्हणून हे नाव.

त्यांच्या खोलीत टेबलामागे एक तसबीर होती. आत देव नाही, नेता नाही, एक वाक्य होतं: 'सहा कोपरे असले, की समुद्र आपला भार सहा जागी वाटून टाकतो.'

"आमच्या लेखकांचं," कप्तान म्हणाले. डोळे सुजलेले होते. "साप्ताहिकात गोष्ट यायची. पाणबुडीला मातीच्या काचेची खिडकी, सहा कोपऱ्यांची. मी वर्गात सांगितलं तर मास्तरांनी बाकावर उभं केलं. म्हणाले, माती कधी आरपार दिसते का रे, गाढवा? त्या दिवशी ठरवलं, दाखवून देईन."

"आणि दिलंत."

"दिलं!" त्यांनी टेबलावरचा अर्धा फुटका तुकडा माझ्या हातात ठेवला. पहिल्या चाचणीत मोडलेली छोटी खिडकी होती ती. मोडल्याची कड सुरीसारखी लांब आणि धारदार. "पांढरी पूड दाबायची, भाजायची, पुन्हा चहूकडून दाबायची. आतली हवेची भोकं पार गेली, की उजेडाला अडखळायला काही उरत नाही. हात लावून बघा, काचेपेक्षा गार लागतं. आता तोंडाची वाफ सोडा."

मी सोडली. धुकं धरलं आणि डोळ्यांदेखत उडून गेलं. मग त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटवर, साध्या काचेच्या, तशीच वाफ सोडायला लावली. तिथे ते धुकं बसून राहिलं.

"उष्णता पटकन शोषून घेते ना," ते म्हणाले. दुःखातही माणसाला आपल्या लेकराचं कौतुक सुटत नाही.

"खिडकी सहा कोपऱ्यांचीच का? गोल का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तसबिरीवर थुंकले. "कोपरे आम्ही घासून गोलसर केलेत. हिशेब केलेत. पूर्ण दाबाची चाचणी एकदा पास झालीये. आणि आता हे! उद्याच्या कार्यक्रमाच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवून बसलोय. बाई, तुमच्या भाचीबद्दल मला वाईट वाटतं. पण पेटी तिच्याच हातात होती. तिनं कबूल केलं, तर मी शांतपणे दुसरा चालक घेईन. नाही केलं, तर मला सगळीकडे सांगावं लागेल."

"पेटी बघू."

पेटी त्यांनीच टेबलावर आणली आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी झाकण उघडलं. आत चारी बाजूंनी घट्ट फोम, आणि मधल्या सहा कोपऱ्यांच्या खळग्यात खडेच खडे. चण्याएवढे, बोथट. एकही धारदार कपची नाही. ढीग हिरवट दिसत होता, जुन्या बाटल्यांच्या तळासारखा.

"तुम्ही हे नीट पाहिलंत?" मी विचारलं.

"नाही पाहवत मला." ते मागे वळलेच नाहीत. "खिडकीच्या पोटात ताण राहून गेला असेल, आपली आपणच फुटली असेल, असं पहाटे एकदा मनात आलं. ते खरं असेल, तर माझं आयुष्य फुकट गेलं."

मी एक खडा उचलून त्यावर वाफ सोडली आणि वाट बघत बसले. धुकं जाता जाईना.

३

कुणाला काही बोलले नाही. अर्धी गोष्ट कळली, की ती बोलायची नसते. विम्याच्या धंद्यात हे मी चांगलंच शिकले होते.

पाणकोंबडी टाकीच्या शेडमध्ये बसली होती. शेडच्या मध्यभागी एक जाडजूड पोलादी टाकी आहे. तिच्यात वस्तू ठेवायची, पाणी भरायचं आणि पंपानं दाब वाढवत न्यायचं. कोपऱ्यात दुसरा पंप दिवसभर धडधडत असतो. त्या आवाजात माणूस शेजारी शिंकला तरी कळत नाही.

"काल काय काय झालं, सगळं सांग. आणि खरं सांग."

"काल लेखक आजोबा आले होते. म्हातारे झालेत गं खूप. कप्तान त्यांना हाताला धरून फिरवत होते. गेल्या वर्षी आम्ही त्यांचा सत्कार केला, तेव्हा आमच्या खिडकीची हुबेहूब काचेची प्रतिकृती भेट दिली होती, लाकडी घोडीवर ठेवायला. ती घेऊन या म्हणून कप्ताननी मुद्दाम सांगितलेलं. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढायचा होता."

"काढला?"

"इथेच. मग सगळे बाहेर चहाला गेले. आजोबा दमले होते, ते इथेच बसून राहिले. नंतर ते गेले आणि मी पेटी उचलून कपाटात ठेवली." ती थांबली. "मावशी, एक सांगू? काल पेटी मला हलकी वाटली. म्हटलं, आनंदात आहे म्हणून वाटत असेल. आणि चालताना काहीतरी कुरकुरलं. मला वाटलं, बिजागरी."

"आता माझ्याकडे बघ. घाबरली होतीस?"

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाली, "हो. रोज घाबरते. पण मला जायचंय. अर्ध्या खोलीवर थांबून मी दिवे घालवणार होते. मग वर फोन करून तुला सांगणार होते, काय दिसतंय ते. सगळं ठरवून ठेवलं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. जी मुलगी घाबरते असं तोंडानं सांगते, ती फोडत नाही.

पॉलिश करणाऱ्या बाई पलीकडेच होत्या. खिडकीला शेवटचा हात त्यांचा. घासून घासून त्यांच्या बोटांचे ठसे पुसट झालेत, असं पाणकोंबडी सांगते. मी जवळ गेले तरी मान वर केली नाही.

"आजोबा काल दमले होते म्हणे?"

"हो ना. वय झालं." त्या चाकावर पाणी सोडत म्हणाल्या. "येताना पिशवी एका हातात होती. जाताना दोन्ही हातांनी उचलावी लागली त्यांना. मी म्हटलं, मी घेते, तर देईनात."

"तुमच्याशी काही बोलले?"

चाक थांबलं. "मला विचारलं, तुमची मुलगी असती, तर या खिडकीमागे बसवली असती का?"

"काय सांगितलंत?"

"काहीच नाही." त्यांनी हात पुसले. "चाचणी झाल्यावर एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली होती मला. साहेबांना दाखवली. म्हणाले, ओरखडा आहे, घासा. घासली. वरून गेली. पण ओरखडा असता, तर माझ्या बोटाला कळला असता. ही आतली होती. पुन्हा चाचणी करा म्हटलं, तर म्हणाले, पाहुणे येतायत, वेळ कुठे आहे?"

"आज सकाळी खडे पाहिलेत तुम्ही?"

"पाहिले."

"खिडकी फुटली म्हणून वाईट वाटलं?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या, आणि चाक पुन्हा सुरू केलं.

४

लेखक एकटेच राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, जिने चढताना आपल्याला आपलं वय कळावं अशा जुन्या इमारतीत. दार उघडायला वेळ लागला. मी कोण ते सांगितलं, तर चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ती मुलगी... तिला काही झालं का?"

"तिला काय होणार? खिडकीच फुटली. उद्याचं रद्द."

"रद्द," ते म्हणाले, आणि खुर्चीत असे बसले, जणू कुणीतरी खांद्यावरून पोतं उतरवलं. मग म्हणाले, "अरेरे." उशिरानं आठवल्यासारखं.

खोलीत पुस्तकंच पुस्तकं. बसायला जागा करायची, तर तीन शतकं हलवावी लागतील. समोरच्या फळीवर ती भेटीची खिडकी लाकडी घोडीवर ठेवलेली होती, लहान ताटलीएवढी, बोटभर जाड, सहा कोपऱ्यांची. उजेडात पाण्याचा तुकडा कापून ठेवल्यासारखी. तिच्या मागे उभ्या पुस्तकांची नावं मी खुर्चीत बसल्या बसल्या वाचत होते, तिच्या जाड कडेमागे दडलेल्या पुस्तकाचंसुद्धा.

त्यांनी चहा केला. बशीत सांडला. बोलताना हातातला किल्ल्यांचा जुडगा सारखा फिरवत होते. त्याला एक पांढरट टोकदार कपची लटकत होती.

"हे काय?"

"पहिल्या मोडलेल्या खिडकीचा तुकडा. त्यानं, तुमच्या त्या कप्ताननं दिला." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "बाई, मला हसू येतं आणि भीतीही वाटते. मी दर आठवड्याला पानं भरायला लिहायचो. छापखान्याचा माणूस दारात उभा असायचा. एखादं पोरगं ते वाचून आयुष्य खर्ची घालेल, असं मला कुणी सांगितलं असतं, तर जपून लिहिलं असतं."

"कप्तान म्हणतात, माझ्या भाचीनं फोडली. भीतीनं."

जुडगा फिरायचा थांबला. "असं म्हणाला तो?"

"तिची नोकरी जाणार. नाव जाणार."

त्यांनी हातातला जुडगा टेबलावर ठेवला. "पण जीव तर राहील," असं काहीतरी पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "उद्या ती उतरणार नाही ना? नक्की?"

मी निरोप घेतला. एक जिना उतरले, दुसरा उतरले, आणि शेवटच्या पायरीवर थबकले. आमच्या घरच्या टेबलावर जाड काच आहे. वरून बघितली तर स्वच्छ, पण कडेनं बघितली की हिरवीगार, आतलं काही दिसत नाही. आणि मी आत्ता एका पुस्तकाचं नाव त्या खिडकीच्या कडेतून वाचून आले होते.

मी वळले आणि पुन्हा जिने चढू लागले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

५

दार उघडंच होतं. मी सरळ फळीपाशी गेले आणि त्या खिडकीवर वाफ सोडली. धुकं आलं आणि गेलं.

"आजोबा, ही तुमची नव्हे."

ते नाही म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"पेटीतले खडे कडक काचेचे आहेत," मी म्हटलं. "गाडीच्या खिडकीसारखी काच. फुटली की बोथट खडे होतात. सिरॅमिक फुटलं तर सुरीसारखे लांब तुकडे होतात, कप्तानच्या टेबलावर आहे तसा. काच हलकी, म्हणून माझ्या भाचीला पेटी हलकी वाटली आणि तुम्हाला पिशवी जड झाली. सगळे चहाला गेले, तेव्हा तुम्ही अदलाबदल केली. पण मला सकाळपासून एक कोडं सुटत नव्हतं. ज्याला चोरायचीच आहे, तो नकली वस्तू फोडेल कशाला? अख्खी ठेवली असती, तर कुणाला इतक्यात पत्तासुद्धा लागला नसता."

"अख्खी ठेवली असती, तर त्यांनी ती बसवली असती," ते हळूच म्हणाले. "आणि ती पोरगी साध्या काचेमागे बसून खाली गेली असती."

"तेच. फोडणाऱ्याला खिडकी नको होती, आत बसणारी जिवंत हवी होती. मग असा माणूस शोधायचा, ज्याला तिची काळजी होती आणि ज्याच्याकडे दुसरी खिडकी होती." मी जुडग्याकडे बोट केलं. "त्या टोकानं कडेला मारलंत. कडक काच कडेला फार हळवी असते. फोममध्ये घट्ट बसली होती, म्हणून फुटूनही जागेवर राहिली, नुसती कुरकुरली. आवाज पंपानं खाल्ला."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी कप्तानला दोनदा सांगितलं होतं, बाई. मी पहिल्या भागात खिडकी गोलच लिहिली होती! चित्रकारानं सहा कोपरे काढले. त्या दिवशी त्याचा कंपास सापडला नाही. चित्र छापून गेलं, वाचक विचारायला लागले, मग पुढच्या भागात मी कारण रचलं. समुद्र भार वाटून टाकतो म्हणे! दारात उभ्या माणसाला कटवायला लिहिलेलं वाक्य ते. आणि यानं ते भिंतीवर लावलं."

"हे सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. हसला. म्हणाला, मातीच्या काचेलाही तुम्ही थापच म्हणत होतात ना? आणि ती खरंच थाप होती, बाई. मला काय माहीत माती आरपार होते ते! त्यानं माझी एक थाप खरी करून दाखवली. म्हणून दुसरीही खरी मानून बसला. त्यात काल त्या पॉलिशवाल्या बाई गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यानं माझं काळीजच फाटलं."

मी खिडकी उचलली. केवढी गार आणि जड! आणि तेव्हा मला कळलं, की मी कशात अडकलेय. ही घरी राहिली, तर पाणकोंबडीच्या कपाळी भित्री म्हणून डाग. ही परत नेली, तर डाग धुतला जाणार, आणि पोरगी याच खिडकीमागे बसून खाली जाणार. ती थांबणारी नाही. आमच्याच घरातली आहे, मला ठाऊक आहे.

"राहू द्या ना इथेच," लेखक म्हणाले. "नोकरी काय, दुसरी मिळेल."

मलाही क्षणभर तेच वाटलं, खोटं कशाला सांगू? ताईला काय तोंड दाखवू, हाच विचार. पण मग मनात आलं, भित्री ठरवून जिवंत ठेवली, तर ती मला कधी माफ करणार नाही. आणि बरोबरच असेल ती.

"चप्पल घाला," मी म्हटलं. "तुम्हीही चला."

६

कप्ताननी खिडकी पाहिली आणि लहान मुलासारखी छातीशी धरली. मग सगळं ऐकलं. ऐकता ऐकता चेहरा दगडासारखा होत गेला.

"तुम्ही?" ते लेखकांना म्हणाले. "तुम्ही माझी खिडकी चोरलीत?"

"माझं वाक्य खोटं आहे रे बाळा," लेखक म्हणाले.

"माझा हिशेब खोटा नाही! मी वाक्यावर नाही बांधली. आकड्यांवर बांधली." ते पाणकोंबडीकडे वळले. "तुझी माफी मागतो. चुकलो. पाहुण्यांना पुन्हा फोन करतो, उद्याच उतरू."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. तीच भीती होती मला. म्हटलं, "कप्तान, पाहुणे तर तुम्ही रद्द केलेत. आता घाई कुणाची? टाकी इथे आहे, खिडकी इथे आहे. रिकामीच एकदा दाबात घाला. तुम्हालाही पहाटे भीती वाटली होती ना? म्हणून तर खड्यांकडे बघवलं नाही तुम्हाला. बघितले असते, तर काच आहे हे तुम्हीच पहिल्यांदा ओळखलं असतं."

ते खिडकीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले. पाणकोंबडीच म्हणाली, "करू या ना साहेब. पास झाली, तर मी डोळे मिटून उतरेन."

खिडकी लोखंडी चौकटीत बसवून टाकीत ठेवली. झाकण आवळलं. पंप सुरू झाला आणि काटा चढू लागला. पॉलिशवाल्या बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. लेखकांनी डोळे मिटले होते. मी पाणकोंबडीचा हात धरला होता, आणि मला वाटतं, चांगलाच आवळला होता.

काटा अर्ध्या खोलीवर आला. काही झालं नाही. कप्ताननी आमच्याकडे पाहिलं. गर्व नव्हता त्यात, नुसती आशा होती. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, टिकावी बिचारी.

काटा थोडा पुढे सरकला आणि टाकीत धाडकन आवाज झाला. जमीन हादरली. काटा एकदम खाली पडला. कुणीतरी पंप बंद केला.

मग पाणकोंबडी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अर्ध्यावरचा माझा फोन करून झाला असता गं, मावशी. तुला सांगून झालं असतं, काय दिसतंय ते."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिला धरून रडले. सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

टाकीतून तुकडे काढले, लांब, धारदार, आणि सगळे तडे त्या रेघेच्या कोपऱ्यातून निघालेले. कप्ताननी एकेक हातात घेऊन नीट पाहिला, या वेळी तोंड न फिरवता. मग खोलीत जाऊन तसबीर काढून आणली आणि लेखकांसमोर ठेवली.

"पहिल्या भागात काय लिहिलं होतं तुम्ही?"

"गोल," लेखक म्हणाले.

"मग गोल करू," कप्तान म्हणाले, आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

चोरीचं काय, असं कुणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, चोरीचा माल परत आला, आणि फोडलेली काच लेखकांची स्वतःची होती. आपली वस्तू फोडायला कुणाची परवानगी लागते?

७

गोल खिडकी घडायला बरेच महिने गेले. ती टाकीत इतक्या वेळा घातली, की पॉलिशवाल्या बाई म्हणाल्या, आता हिला खाली पाठवा, नाहीतर इथेच म्हातारी होईल.

उतरायच्या दिवशी पाणकोंबडी रांजणात बसली आणि झाकण लागलं. मी बाहेरून खिडकीवर वाफ सोडली. धुकं धरलं आणि उडून गेलं, आणि त्यामागे ती मला वेडावून दाखवत होती.

मग ती खाली गेली. जहाजाच्या डेकवर मी आणि लेखक शेजारी बसलो होतो, फोनकडे बघत. काळजी तीच. काही गोष्टींना खिडकी गोल करून उपाय नसतो. अर्ध्या खोलीची वेळ आली आणि गेली. म्हाताऱ्यानं माझा हात धरला. मी त्यांचा.

फोन वाजला.

"मावशी, दिवे घालवलेत," पाणकोंबडी म्हणाली. "दिसतंय."

"काय दिसतंय?" लेखक माझ्या कानाशी येऊन ओरडले. "विचारा तिला! मी लिहिलं होतं तसं आहे का?"

मी विचारलं. पलीकडून ती हसल्याचं ऐकू आलं, आणि मग तिचा श्वास, सावकाश, एकेक.

"आजोबांना सांग, तसं काही म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, कागद काढा. मी सांगते, तुम्ही लिहा."